आप्पांना सांगून मोकळं

४ ऑक्टोबर, सिरसाळा

पोचलो एकदाचा. बस तेलगावला तासभर अडून बसली, शेजारच्या बाईची कोंबडी माझ्या मांडीवर झोपली, तरी आज कशाचाच राग आला नाही. माझ्या बाबतीत हे नवलच. सहर म्हणते, अब्बा झोपेतसुद्धा कुणाला तरी झापत असतात.

कारणही तसंच आहे. मोहनराव दहिफळ्यांचं चरित्र लिहायला मिळालंय! दीडशेच्या वर रहस्यकादंबऱ्या लिहिलेला माणूस, पण त्याचा धड एक फोटो कुणाकडं नाही. एकेकाळी एसटी स्टँडवर पेपरवाल्याच्या फळीवर यांच्या कादंबऱ्यांतला हवालदार गुणाजी नसायचा असं होत नव्हतं. मी सातवीत असेन. बीडला अब्बांच्या सायकल दुकानात, पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यामागं लपून 'तिसऱ्या विहिरीचं पाणी' वाचत होतो. अब्बांनी पकडलं. जुन्या ट्यूबचे दोन फटके दिले आणि पुस्तक घमेल्यात बुडवलं. संध्याकाळी मात्र स्वतःच ते तारेवर चिमटा लावून वाळत घातलं. शेवटची पानं चिकटली ती चिकटलीच. खुनी कोण, ते मला आजतागायत माहीत नाही. म्हाताऱ्याला गाठून विचारणार आहे.

घर परळीच्या रस्त्याला, खताच्या दुकानामागं. दोन खोल्या, पत्र्याची पडवी. परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचे टिपर दिवसभर धडधडत जातात, खिडकीच्या कट्ट्यावर करडा थर बसतो. बायनाबाई म्हणून एक बाई स्वयंपाकपाणी बघते. तिनं आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली. समोर वाहेदभाईंचं चहाचं हॉटेल. ऐंशीचे मोहनराव गावाला 'आप्पा', म्हणून मलाही आप्पाच. लग्न केलेलं नाही. मऊ आवाज, मऊ हात. चांगला माणूस वाटला.

हाफिजा असती तर तिनं निघताना डबा दिला असता. या महिन्यात तिला जाऊन चार वर्षं होतील. सहर यंदा बारावीला आहे, माझी बहीण जोया आमच्याच घरी येऊन राहिलीय, म्हणून मी बिनघोर. ठरलंय असं की मी रोज पानांचे फोटो पाठवायचे आणि सहरनं टाईप करायची. पोरीचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे.

५ ऑक्टोबर

पहिली बैठक. जन्म कुठं झाला, विचारलं. आप्पा म्हणाले, धारूरच्या घाटात, बैलगाडीत. वडील काय करायचे? हलगी वाजवायचे. हलगी शेकायला पेटवलेल्या पाल्याचा वास, वडिलांच्या बोटांचे घट्टे, सगळं इतकं तपशिलानं सांगितलं की मी भराभर आठ पानं भरली. खुशीत उठलो.

संध्याकाळी वाहेदभाईंना सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले. आप्पांचे वडील इथलेच तलाठी होते म्हणे, आणि आप्पा सिरसाळ्याबाहेर कधी मुक्कामाला गेले असतील तर वाहेदभाई चहाचा धंदा सोडून देतील.

म्हणजे आठ पानं पाण्यात. ठीक आहे, कादंबरीकार आहे, पहिल्या दिवशी थोडी मस्करी चालायचीच.

७ ऑक्टोबर

मस्करीलाही हद्द असते. काल आप्पा अंबाजोगाईत पानाची टपरी चालवत होते. आज ते लष्करात होते आणि त्यांच्या मित्राचा पाय बर्फात गेला. सांगताना घळाघळा रडले. मी विचारलं, रेजिमेंट कोणती? पटकन नाव सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, ते आपल्या खालच्या आळीतल्या पंडितचं हाय.

अहो, मग पंडितचं चरित्र लिहू का मी?

मला हवंय एवढंच: शाळा, पहिली कादंबरी, कुणावर प्रेम बसलं, कुणाशी भांडण झालं. यातलं काही विचारलं की म्हातारा तपकिरीची डबी उघडतो, बंद करतो आणि टिपर मोजल्यासारखा रस्त्याकडं बघत बसतो. चिडून जेवलो नाही. बायनाबाईनं भाकरी झाकून ठेवली.

९ ऑक्टोबर

ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांना निघायच्या तयारीत आहेत. गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागायला लागल्यात. आणि या दिवसांत आप्पांच्या दाराशी ही गर्दी! ऊस तोडायला जाणारी माणसं निघायच्या आधी आप्पांकडं येऊन बसतात. जे मनात जड असेल ते सांगायचं आणि हलकं होऊन गाडीत बसायचं. आप्पांना सांगून मोकळं, असंच म्हणतात. यातूनच आप्पांना कादंबऱ्यांचं सामान मिळालं असणार. बायनाबाई म्हणाली, तुमी बी सांगा की, लई बरं वाटतंय. तिनं नवऱ्याच्या मरणाचं सांगितलं होतं. कसा गेला, म्हणून मी विचारलं. तिला सांगता येईना. गिरणीत काय तरी झालं म्हणतेत लोक, असं हसतच म्हणाली. वाहेदभाईही एक दुःख देऊन आलेत. काय ते आठवत नाही म्हणे.

आज शहादेव आणि त्याची बायको दगडाबाई आली होती. पंचविशीची पोर, रडून डोळे सुजलेले. शहादेव बाहेर माझ्यापाशी थांबला, ती आत गेली. दाराच्या फटीतून दिसलं ते एवढंच: आप्पा खुर्ची पुढं ओढून बसलेले, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मला वाटलं जप करताहेत. ती बाहेर आली ती पदर सावरत, हसत. भूक लागली म्हणाली. दोघं वाहेदभाईंकडं भजे खायला गेली.

मी मात्र पाच दिवस इथं बसून एक ओळ मिळवली नाही. गावाचं ऐकायला वेळ आहे, मला सांगायला नाही.

१० ऑक्टोबर

आज तर कहर झाला. मी विचारलं, आप्पा, पहिली कादंबरी कशी सुचली? आप्पांनी पोट धरलं आणि सांगायला लागले: कळा सुरू झाल्या तवा मी मोळी बांधत होते.

ऐंशी वर्षांचा पुरुष! पाचटावर कसं निजवलं, मुकादम कसा ओरडत होता, कोयत्यानंच नाळ कशी कापली, पोरगी कशी रडलीच नाही, तिला तिथंच बांधाला कसं पुरलं, छातीत दूध साचून नऊवारी कशी भिजत राहिली. सांगून झाल्यावर आप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि बायनाबाईकडं गुळाचा खडा मागितला.

बाहेर येऊन मी भिंतीला लाथ घातली. दगडाबाईचं दुःख घेऊन हा माणूस माझ्यापुढं नाटक करतो, म्हणजे काय म्हणावं याला? वर प्रकाशकाचा फोन. पहिलं प्रकरण कुठाय? मी म्हटलं, येतंय. कुठून येतंय, ते अल्लालाच ठाऊक.

वीस वर्षं मुलाखती घेतल्यात मी. न बोलणारा माणूस उघडायचा एक जुना डाव आहे. आधी आपलं काहीतरी द्यायचं. आपल्या घरातलं, खरं, थोडं लाजिरवाणं. समोरच्याला मग गप्प बसवत नाही. नट, पुढारी, खुनी, सगळ्यांवर चाललाय हा डाव. उद्या आप्पांवर.

११ ऑक्टोबर

डाव टाकला. अब्बांचं दुकान, घमेलं, ते पुस्तक, ट्यूबचे फटके, सगळं रंगवून सांगितलं. आप्पा खुर्ची ओढून इतके जवळ आले की तपकिरीचा वास नाकात गेला. डोळे मिटलेले. मध्येच फक्त, मग?

एक गंमत झाली. मी 'चिमटा' म्हणायच्या आत त्यांच्या ओठांनी 'चिमटा' केलं होतं. रहस्यकथावाल्याला शेवट आधी कळतो म्हणतात, त्यातलाच प्रकार. बदल्यात त्यांनी आज काही दिलं नाही. पण चेहऱ्यावर रंग आला होता. उद्या बोलणार, मला वास लागतो.

१२ ऑक्टोबर

बोलला! म्हातारा उघडला!

सकाळी आपणहून हाक मारली. शेवटी खरं आयुष्य मिळालं आणि काय सुंदर मिळालं. वडील सायकलचे मिस्त्री. मोहनराव शाळकरी पोर, पंक्चर बघायच्या घमेल्यामागं लपून रहस्यकथा वाचायचा. बापानं पकडलं, ट्यूबनं मारलं, पुस्तक पाण्यात बुडवलं, आणि संध्याकाळी तोच बाप ते पुस्तक तारेवर चिमटा लावून वाळत घालतोय. काय बाप असेल! शेवटची पानं चिकटली म्हणून पोरानं स्वतःच शेवट रचला आणि तिथून लेखक झाला. चरित्राची सुरुवात याहून चांगली मिळणार नाही. लिहिताना डोळ्यात पाणी आलं. मला असा बाप मिळाला असता तर मीही काहीतरी झालो असतो.

पानं सहरला पाठवली. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१३ ऑक्टोबर

सहरचा फोन. म्हणते, अब्बा, हे तर दादाजींचं दुकान आहे. आपली गोष्ट आप्पांच्या नावावर कशाला घातली? मी म्हटलं, कसलं दुकान? ती म्हणाली, गंमत करू नका. मी झापलं तिला. बारावीचा अभ्यास सोडून मला चोर ठरवतेस का, म्हटलं. मग ती बारीक आवाजात, दादाजी काय करायचे सांगा बरं, अब्बा.

मी फोन ठेवून दिला. पोरांना हल्ली वेळकाळ कळत नाही. अब्बा काय करायचे, हा काय प्रश्न झाला? अब्बा—

उन्हात फिरून डोकं दुखतंय. उद्या आठवेल.

१५ ऑक्टोबर

कालपासून आप्पा परत मुके. तेच ते, रस्ता आणि तपकीर. डाव पुन्हा टाकायचा ठरवला, आणि मोठा टाकायचा ठरवला.

हाफिजाचं सांगितलं. हे मी जोयालासुद्धा कधी पूर्ण सांगितलेलं नाही. ऑक्सिजनसाठी बीडभर केलेली धावाधाव, दवाखान्याच्या जिन्यावर तिनं माझा शर्ट धरून ठेवणं, सहरला मेहंदी शिकवायची राहिली म्हणणं. शेवटी ती जे एक वाक्य बोलली ते. आप्पा मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते आणि त्यांच्या बंद पापण्यांखालून पाणी वाहत होतं. शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी बरोबरच उच्चारलं. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. पण मी इतका रडलो की कशाचं भान राहिलं नाही.

उठलो तेव्हा अंग पिसासारखं हलकं. गाव खरं सांगतं. मोकळं वाटतं.

१६ ऑक्टोबर

कित्येक वर्षांत असं झोपलो नव्हतो. सकाळी वाहेदभाईंकडं शिट्टी वाजवत गेलो. ते म्हणाले, मास्टर, चेहरा खुलला. भजे खाल्ले, मिरचीसुद्धा.

आप्पांनी आज त्यांच्या बायकोबद्दल सांगितलं. लग्न झालं नव्हतं ना? असो. फार सुंदर सांगितलं. जिन्यावर शर्ट धरला म्हणे तिनं. लिहून घेतलं.

१८ ऑक्टोबर

सहर फोनवर रडत होती. उद्या अम्मीची बरसी आहे, घरी या, म्हणाली. मी विचारलं, कुणाची?

पलीकडं जोयानं फोन घेतला. तिनं विचारलं, भाईजान, भाभी कशा गेल्या? मी म्हटलं, गेली म्हणजे? कुठं गेली? मग मलाच माझा आवाज ऐकू आला.

मोबाईलमधला फोटो काढून बसलोय. हिरव्या ओढणीतली बाई. ही हाफिजा, माझी बायको, एवढं ठाऊक आहे. तिची चूल, तिच्या हातची चव, तिचं हसणं, हेही आहे. पण ती गेली कशी, ते नाही. चाचपडलं तर नुसतं गुळगुळीत लागतं. या वहीत माझ्याच अक्षरात जिना, शर्ट आणि ऑक्सिजन आहे. वाचलं. दुसऱ्याचं वाचावं तसं वाचून झालं. डोळ्यात टिपूस नाही.

या अल्ला, माझ्या बायकोच्या मरणावर मला रडू येत नाही.

१९ ऑक्टोबर

बरसीला जायला पाहिजे होतं. गेलो नाही. आधी खात्री करायची होती.

शहादेव वाहेदभाईंच्या बाकावर बसला होता, ट्रॉलीची वाट बघत. दगडाबाई समोर टिकल्या घेत होती, हसत होती. मी सरळच विचारलं, बायको बरी आहे ना? त्यानं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "ट्रंकेत झबलं सापडलं तिला. मला इचारते, कुणाच्या पोराचं हाय हो हे? मी म्हनलं, शेजारणीचं. तर देऊन आली सायब. आमच्या पोरीचं तेवढंच हुतं."

मी म्हटलं, मग आप्पांकडं आणलंस कशाला तिला? तो म्हणाला, ती लई रडायची. जीव देईल असं वाटलं. आता बरं झालं का वाईट, मलाच कळंना. पोरीसाठी रडणारा आता मी एकटाच उरलोय, आणि मी बी आप्पांकडं गेलो तर ती होती हे कुणाला ठाऊक राहणार?

ट्रॉली आली. गेली दोघं.

म्हणजे बायनाबाईचा नवरा. पंडितचा मित्र. वाहेदभाईंचं काय होतं कुणास ठाऊक. गाव हलकं झालेलं नाही. गाव पोकळ झालंय, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण वाटायला लागतं तेच आप्पांकडं आहे.

उद्या सकाळी म्हाताऱ्याला धरतो.

२० ऑक्टोबर

धरला. म्हटलं, माझं मला परत द्या. एवढा ओरडलो की बायनाबाई तवा सोडून धावत आली.

आप्पा घाबरले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "माझं असं काय हाय माझ्याकडं, इरशादमिया? सोळाव्या वर्षी टेबलाशी बसलो. कुणाच्या लग्नाला गेलो न्हाई, मयतीला गेलो न्हाई. दीडशे मुडदे लिहिले, एक बी हातानं उचलला न्हाई. लोकांनी दिलं, ते खाऊन जगलो. परत द्यायची रीत मला ठाऊक न्हाई."

मग म्हणाले, आन् ते तुमचं कावून? मला आठवतंय, तुमाला आठवत न्हाई. मग कुणाचं हाय?

माझं डोकंच फिरलं. माझं कसं नाही? सुनावलं त्यांना. म्हटलं, ऐका, मी कोण आहे ते ऐका. घर कुठल्या गल्लीत, दाराला कोणता रंग, आत शिरल्यावर डाव्या हाताला काय. सहर कशी झाली, पहाटे फजरच्या अजानला झाली म्हणून हाफिजानं सहर, म्हणजे पहाट, असं नाव कसं ठेवलं, लाडानं काय म्हणतो, पहिल्या दिवशी शाळेत कशी रडली, तिचा ताप, तिचे दात, तिची पहिली सायकल, सगळं सगळं त्यांच्या तोंडावर फेकलं. माझं आयुष्य आहे ते, साक्षी-पुराव्यासकट. तासभर बोलत होतो. घसा बसला.

त्यांनी खुर्ची पुढं ओढून घेतली होती. आता लिहिताना लक्षात येतंय. डोळे मिटलेले होते.

राग उतरला. फार हलकं—

नाही. नाही नाही नाही.

२१ ऑक्टोबर

सकाळीच बॅग भरून स्टँडवर. बीडची गाडी लागली होती. कंडक्टर म्हणाला, चढा.

चढलो नाही. बीडला उतरून कुठं जायचं? गल्ली आठवेना. दार आठवेना. वहीत 'बीड' आहे, 'आमच्या घरी' आहे. कुठलं घर, ते कुठंच नाही. आपल्याच रोजनिशीत आपल्या घराचा पत्ता कोण लिहितं?

गाडी गेली. दुसरी लागली. तीही—

ठाऊक असलेलं घर एकच. खताच्या दुकानामागचं.

बायनाबाईनं भाकरी वाढली. आलात का, म्हणाली. तुमी जाणारच नव्हता, म्हणाली.

२२ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. अक्षर माझं. माणूस चिडका आहे. ओळखीचा नाही.

फोन वाजतो. पडद्यावर 'सहर'. उचलला. एक मुलगी, अब्बा अब्बा म्हणते. फार रडते. मी म्हटलं, बाई, चुकीचा नंबर. मग वहीत बघितलं. ती माझी मुलगी आहे असं लिहिलंय. चार-पाच ठिकाणी लिहिलंय.

मुलगी आहे मला. मला मुलगी—

काहीच होत नाही आतमध्ये. फोनवर सांगितलं, येऊ नका. इथं येऊ नका. का ते सांगायला गेलो तर आप्पा दारात उभे होते. ऐकत.

फोन आता सापडत नाही.

२४ ऑक्टोबर

आप्पांनी काम दिलंय. कुणी आलं की कोपऱ्यात बसायचं, येईल ते उतरवून घ्यायचं. या वहीतच लिहितो. हात चालू असला की बरं वाटतं.

दुपार. दार वाजलं. बायनाबाईनं उघडलं. मुलगी, पाठीला सॅक, धुळीनं केस करडे. मला बघून जागीच थांबली. मी म्हटलं, बसा, आप्पा जेवताहेत.

ती बसली नाही. माझा हात धरला. घरी चला म्हणते. जोयाफुफी वाट बघतेय म्हणते. मी हात सोडवून घेतला, लिहायचं होतं.

आप्पा आले. "सहरू," म्हणाले. मुलगी दचकली. त्या नावानं मला फक्त अब्बा हाक मारतात, म्हणाली. आप्पांचे डोळे भरलेत. खरेच भरलेत. तिच्या डोक्यावर हात ठेवलाय, फार मायेनं. असा हात ठेवायला कुठं शिकले असतील?

ती माझ्याकडं बघते, त्यांच्याकडं बघते. रडायला लागली. उभ्या उभ्या.

आप्पांनी खुर्ची ओढली. "रडू नको, बाळ. तुझे अब्बा कसे हायेत, सांग मला."

ही कोण ठाऊक नाही, पण हिनं बोलू नये. बोलू देऊ नये हिला. म्हणालो मी. मोठ्यानं म्हणालो, गप्प बस! ती म्हणाली, बघा, हे असेच ओरडतात, पण—

सांगायला लागली.

आप्पांचे डोळे मिटले. ओठ हलताहेत. तिच्या आधी हलताहेत. शाळेच्या फाटकाशी अब्बा उभे राहायचे, मी वर्गात बसेपर्यंत हलायचे नाहीत— अम्मी गेल्यावर वेणी घालायला शिकले, पहिल्या दिवशी इतकी वाकडी— उठलो. तोंडावर हात ठेवायला हवा तिच्या. बायनाबाईनं खांदा दाबला माझा, सांगू द्या, मोकळी होईल. लिहितोय का मी अजून? हात थांबत—

थांबली. संपलं.

डोळे पुसले तिनं. खोलीभर बघितलं. माझ्याकडं वळून हसली, परक्या माणसाकडं बघून हसतात तसं.

काका, म्हणाली, इथून बीडला गाडी कुठं लागते?

मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी आप्पांचे ओठ हलले.